मोटरींची पंगत

परत येऊन आठवडा झाला, तरी माझ्या ओढणीला संत्र्याच्या फुलांचा वास येतोय असं मला वाटतं. घरातले म्हणतात, अगं दोनदा धुऊन झाली ती, कसला वास? असेल बुवा. पण दुपारी जेवून जरा डोळे मिटले की मी पुन्हा त्या बाजेवर असते. वर संत्र्याची गर्द पानं, पलीकडे सातपुड्याची निळी रेघ, आणि कानात मधमाश्यांचं एकसारखं गुणगुणणं. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे. जे तिथलेच आहेत त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

आधी मी कशाला गेले ते सांगते. मी पुण्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवते. माझा विषय नुसता काढला तरी पाहुणे चहा न पिता उठतात, म्हणून एकदाच सांगून मोकळी होते. लांब लांब बसवलेली लहान लहान यंत्रं. मध्ये कोणी साहेब नाही. आपसात निरोप पाठवून त्यांनी एक काम वेळेत उरकायचं. वेळेत, हे महत्त्वाचं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर आमच्याकडे चूकच धरतात. यातलं प्रत्येक यंत्र आमच्या भाषेत एक ‘ऑब्जेक्ट’. त्याचं जे काही आहे ते त्याच्या पोटात. बाहेरच्याने आत डोकावायचं नाही, फक्त विचारायचं. त्याला सांगायचं तेवढंच ते सांगणार. झालं, एवढाच माझा विषय.

प्रवीण माझा जुना विद्यार्थी. आता त्याचं जळगाव जामोदला मोटर दुरुस्तीचं दुकान आहे, दोन पोरांचा बाप झालाय. त्याने एकदा फोनवर त्यांच्या शिवारातली गंमत सांगितली आणि माझी झोपच उडाली. गंमत अशी. शेतीची लाईन, म्हणजे वीज, केव्हा येईल, केव्हा जाईल, नेम नाही. म्हणून प्रत्येकाने विहिरीवरच्या स्टार्टरला ‘ऑटो’ लावून ठेवलाय. लाईन आली की मोटर आपोआप उचलते, म्हणजे सुरू होते, माणूस गावात का असेना. सोय झाली. पण एका डीपीवर, म्हणजे खांबावरच्या त्या ट्रान्सफॉर्मरवर, सात मोटरी. लाईन आली की सातही त्याच क्षणी उचलतात. सुरू होताना मोटर चालत्या मोटरीच्या कितीतरी पट वीज ओढते. मग काय, डीपी धूर सोडून गप. नवीन डीपी यायला कधी पंधरवडा, कधी जास्त. डीपी आली की परत सगळे ऑटो लावणार, कारण शेजाऱ्याने लावलाय.

“मॅडम, हे तर तुमच्याच धड्यातलं हाय,” प्रवीण म्हणाला.

होतंच. मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी मिळून सात पेट्या केल्या. प्रत्येक स्टार्टरवर एक. लाईन आली की पेट्या एकमेकींना बिनतारी निरोप पाठवणार आणि मोटरी एकीमागून एक उचलणार, मध्ये श्वास घेण्याइतकी उसंत ठेवून. प्रयोगशाळेत सात दिवे एकामागून एक असे लागत की बघत राहावं. पेट्या पिशवीत भरल्या आणि निघाले. नांदुऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे एसटी. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की पाय सुजले.

फाल्गुनातलं शिवार

जळगाव जामोदच्या उत्तरेला रस्ता डोंगराकडे चढायला लागतो तिथे हे शिवार आहे. फाल्गुन लागला होता. पळस पेटलेला. दुपारचं ऊन इतकं पांढरं की समोरचा डोंगर आहे की डोळ्यांना आलेली झापड, ते कळत नाही. त्या उन्हातून एकदम संत्र्याच्या बागेत शिरलं की काय होतं ते कसं सांगू? अंधाऱ्या, गार देवघरात पाऊल टाकल्यासारखं होतं. उशिरा फुललेल्या झाडांवर अजून पांढरी फुलं होती, बाकीच्यांनी फळ धरलेलं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मी तिथेच उभी राहिले. आपण कशाला आलो, कोणाकडे आलो, काही आठवेना. हातातली पिशवी जड आहे एवढंच कळत होतं.

“या मॅडम, काऊन उन्हातान्हात आल्या? सकायी नाई निघाले येत होतं का?” झाडांमधून आवाज आला आणि मागून बाई आल्या. या सुलोचनाताई. प्रवीणची आत्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज मात्र इतका खाली की कान द्यावा लागतो. त्यांचे यजमान तिकडे लोणार तालुक्यात बीबीला शाळेवर आहेत, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. शेती बाईंचीच. बागही त्यांनीच लावलेली.

पाणी झालं, गूळ झाला, चहा झाला. मग त्यांनी मला बाग दाखवली. डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं कोमेजली की पुन्हा पाणी सोडायचं, मग झाड घाबरून फुलतं. “अन् एकदा फळ धरलं की मंग पानी तुटून नाई चालत. दोन-चार दिवस उन्हाचा चटका बसला की सारं गळते.”

“मागच्या वर्षी?” मी विचारलं.

“मागच्या साली याच दिवसात डीपी गेलती.” एवढंच म्हणाल्या आणि एका फांदीवरची वाळकी काडी मोडली. पुढचं प्रवीणने सांगितलं. डीपी येईपर्यंत बागेखाली हिरव्या मण्यांचा सडा पडला होता. यंदा आत्याने घरोघर फिरून सहाही शेजाऱ्यांना राजी केलं होतं: ऑटो काढा, पुण्याच्या मॅडम पेट्या आणून राह्यल्या, त्या लावून पाहू. या बाईने आयुष्यात कोणाच्या दारात काही मागितलं नव्हतं, त्यामुळे लोकांना नाही म्हणता आलं नाही. पेट्या चालल्या तर बाग. नाही चालल्या तर परत ऑटो, परत धूर. मी पिशवी खाटेखाली सरकवली आणि मला जरा भीतीच वाटली.

रोडगे

दुसऱ्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांना सुलोचनाताईंच्या बागेत रोडग्यांचं जेवण होतं. आमच्याकडे बैठक म्हणजे टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि एकमेकांचं बोलणं तोडणं. इकडे बैठक म्हणजे गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे. गव्हाच्या जाडसर पिठाचे पदर दिलेले गोळे त्या आरात भाजतात, राख झटकतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. सोबत घट्ट वरण आणि वांग्याची भाजी, अशी की डोळ्यांतून पाणी आणि हात मात्र थांबत नाही. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात. “सांभार टाकू का?” विचारलं तेव्हा मी इडली शोधत होते. सगळे पोट धरून हसले, मीही हसले.

मला गंमत वाटली ती वाढण्याची. वाढपी ज्याच्यापुढे जाई तो ताटावर आडवा हात धरी. “आधी त्याइले वाढा.” पुढचा म्हणे, “मले कायची घाई हाय, काकाइले वाढा.” काकांचं बोट पलीकडे. असं करत करत तूप पंगतीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं. शेवटी वाढपी वैतागून सरळ ओततो आणि मग सगळे जेवतात. पुण्यात आम्ही ताट पुढे करतो आणि ‘जरा इकडे’ म्हणतो. मला वाटलं, काय सोन्यासारखी माणसं ही!

शेजाऱ्यांत दोघे लक्षात राहिले. एक गणपतराव, सगळ्यांत मोठे शेतकरी. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, प्रत्येक वाक्य तोलून. त्यांची विहीर डीपीच्या अगदी पायथ्याशी. दुसरा रमेशभाऊ, भाजीपाला पिकवणारा, तोंडाळ आणि मोठा गोड माणूस. पेटी हातात घेऊन त्याने विचारलं, “मॅडम, हे पेटी दुसऱ्या पेटीचं मन ओयखते का?”

“नाही हो. विचारलं तरच कळतं. आतलं आत.”

“मंग आमच्यासारखीच हाय,” तो म्हणाला.

पंगत उठता उठता मी कामाला लागले. प्रत्येक पेटीला एकच गोष्ट सांगायची होती: कोणाची मोटर लागल्यावर तुझी लागायची. बाकी तिचं ती बघते. मी आधी पुण्यातच क्रम ठरवला असता, पण माझं तत्त्व आहे, वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. म्हणून एकेका शेतकऱ्यासोबत त्याच्या विहिरीवर गेले आणि विचारलं, तुमच्या आधी कोणाची लागू दे? गणपतराव म्हणाले, “रमेशची लागू द्या. भाजीपाला हाय त्याचा, लवकर सुकते.” रमेशभाऊ म्हणाला, “आधी त्या पाटलाइची, म्हातारा मानूस हाय.” असंच पुढे. सुलोचनाताई सगळ्यांत टोकाला, डीपीपासून सर्वांत लांब. त्या म्हणाल्या, “माही शेवटी. गणपतरावाइची लागली की मंग माही.” मी एकेक नाव एकेका पेटीत घातलं. पोटात चार रोडगे, डोळ्यांवर तुपाची झापड. वाटेत पळसाची फुलं वेचली. इतकं सुखात काम मी कधी केलं नव्हतं.

लाईन आली

त्या आठवड्यात लाईन दिवसाची होती. सकाळी सगळे डीपीखालच्या कडुनिंबाशी जमले. अजून गारवा होता. गव्हावर बगळे उतरले होते. डीपी गुणगुणायला लागली तसं रमेशभाऊ ओरडला, “आली बापा लाईन!”

आम्ही कान टवकारले. काही नाही. एकही मोटर उचलेना. वाटलं, लाईन आलीच नाही. पण गणपतरावांच्या खोपीतला दिवा लख्ख जळत होता. मी विहिरीवर धावले. पेटीवर पिवळा दिवा: वाट पाहते आहे. पुढच्या विहिरीवर पिवळा. त्याच्या पुढच्या, पिवळाच. सातही पेट्या जाग्या, शुद्धीवर, आणि वाट पाहत बसलेल्या. कशाची?

“मोटरा झोपल्या वाट्टे,” रमेशभाऊ म्हणाला. कोणी हसलं नाही. ऊन चढत होतं. मला घाम फुटला, मी प्रवीणवर खेकसले, अँटेना तपासल्या, निरोप तपासले. निरोप सगळे पोचत होते. एकूण एक पोचत होते!

शेवटी प्रवीणने पेट्या बाजूला सारून हाताने मोटरी लावायला सुरुवात केली. आधी डीपीजवळची गणपतरावांची, मग पुढची. पाणी पडू लागलं, माणसं मोकळी झाली. सर्वांत शेवटी सुलोचनाताईंची. बटण दाबलं, मोटर घुरघुरली, थरथरली आणि स्टार्टरने तिला बंद केलं. पुन्हा दाबलं, तेच. सहा मोटरी वीज ओढत असताना तारेच्या टोकाला पोचत होती ती उरलीसुरली. “असंच हाय हिचं,” ताई म्हणाल्या. “कधी उचलते, कधी नाई. उचलली तरी करंगळीएवढी धार.” ऑटोच्या राज्यात सातही मोटरी एकदम लागत आणि कोणाचीच मध्ये बंद होत नसे, त्यामुळे त्यांना भरपूर वीज अशी कधी लाभलीच नव्हती. त्या दिवशी बागेला थेंब मिळाला नाही.

गणपतराव जवळ आले. “मॅडम, पेट्या तुमच्या चांगल्याच हायेत. आमीच अडानी. पन लाईन दिवसातून चारदा जाते, दर वक्ताले आमी इथी कसे उभे राहू? परवा सकायपर्यंत पाहू. नाई जमलं तं आपले ऑटो लावून घेऊ. काय काकू?”

“हाव,” सुलोचनाताई म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, निदान रागवा तरी माझ्यावर! पण इथे पाहुण्यावर रागवत नाहीत. संध्याकाळी मला ताटात तूप जास्तच पडलं.

बाजेवर

दुसरा दिवस. लाईन आली, हाताने सहा मोटरी लागल्या, सातवी घुरघुरली. झाडांखाली चार-दोन हिरवे मणी पडलेले होते. ताई ते उचलून ओच्यात टाकत होत्या, जमिनीवर दिसू नयेत म्हणून. दुपारी मी हरले. बागेतल्या बाजेवर आडवी झाले. वारा नव्हता. पानांमधून येणारे उन्हाचे कवडसे अंगावरून सरकत होते, आणि मधमाश्यांचा आवाज असा की कोणीतरी लांब, खूप लांब मोटर लावली आहे आणि ती चालूच आहे.

मला स्वप्न पडलं. बागेत पंगत बसली होती. पण माणसं नव्हती, माझ्या सात पेट्या होत्या. प्रत्येकीपुढे पत्रावळ, डोक्यावर पिवळा दिवा. मी तुपाचं भांडं घेऊन वाढत होते. पहिली म्हणाली, आधी तिला. दुसरी म्हणाली, आधी तिला. मी पुढे पुढे जात राहिले. पंगत गोल होती, तिला टोकच नव्हतं. मी फिरतेय, फिरतेय, तूप थिजतंय, फुलं गळून पत्रावळींवर पडताहेत आणि कोणीही घास उचलत नाही. सगळ्या इतक्या नम्र! मला त्यांची इतकी माया आली की रडू फुटलं. मग कोणीतरी म्हणालं, वाढपी वैतागत का नाही?

मी ताडकन उठून बसले. अगं मूर्ख बाई!

सात जणांनी सात नावं सांगितली होती. प्रत्येकाच्या आधी कोणीतरी. मग पहिलं कोण? कोणीच नाही. गणपतरावांची पेटी रमेशची वाट पाहतेय, रमेशची पाटलांची, पाटलांची आणखी कोणाची, आणि फिरून ते नाव गणपतरावांवरच येतं. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात फळ्यावर वर्तुळ काढून शिकवते. परीक्षेत विचारते. न आलेल्यांचे गुण कापते. पण इथे मी प्रश्न विचारला तो पंगतीतून उठलेल्या माणसांना, पाहुणी म्हणून. अशा वेळी ‘माझं आधी’ कोण म्हणणार? पुण्यात विचारलं असतं तर सातही जणांनी ‘माझंच आधी’ सांगितलं असतं आणि डीपी जळाली असती. इथे माणुसकीने मोटरी बंद पाडल्या. मी एकटीच बाजेवर बसून खो खो हसत सुटले. मग ओच्यातले हिरवे मणी आठवले आणि हसू थांबलं.

प्रवीणला आणि ताईंना हाक मारून सगळं सांगितलं. उपाय सोपा होता. तारेच्या टोकाची मोटर सर्वांत आधी लावायची. त्या वेळी सगळी वीज तिला मिळते, ती जोमात उचलते, आणि एकदा फिरायला लागली की मागून बाकीच्या लागल्या तरी तग धरते. म्हणजे सुलोचनाताई पहिल्या. मग टोकाकडून डीपीकडे येत जायचं. गणपतराव शेवटी, त्यांना जवळ असल्यामुळे काहीच फरक पडत नाही.

“मॅडम, पेट्याइत हाच क्रम टाकून द्या नं गुपचूप,” प्रवीण म्हणाला. “कोनाले समजते?”

मी तयार होते, खोटं कशाला बोलू. पेट्यांना क्रम सांगायचा तो फोन हातात घेतलाही. पण सुलोचनाताईंनी माझा हात धरला.

“नाई मॅडम. घरोघर जाऊन मी सांगतलं, पेट्या लावा म्हनून. आता पह्यली माहीच मोटर लागली तं लोकं म्हनतीन, सोतासाठीच केलं इनं. कोनाले न सांगता तं नाईच.”

“मग सांगून करू. उद्या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणा, मला आधी हवं. कारण मी समजावून देते.”

त्या खालची माती बोटाने सारखी करत राहिल्या. “तेवढं माह्यानं नाई होनार,” म्हणाल्या.

कडुनिंबाखाली

तिसऱ्या सकाळी सगळे आले. काहींच्या हातात ऑटो होते, पिशवीत झाकलेले. ते दिसू नयेत एवढी काळजी त्यांनी घेतली होती. मी मातीत काडीने तार काढली, डीपी काढली, सात विहिरी काढल्या. टोकाकडून का सुरू करायचं ते सांगितलं. माणसं हुशार, लगेच माना हलल्या. रमेशभाऊ म्हणाला, “म्हंजे तूप टोकापासून वाढाचं, असंच नं?” मी म्हटलं, अगदी असंच.

गणपतरावांनी मिशीवरून हात फिरवला. “माही काई हरकत नाई. पन असं कोनावर लादाचं नाई. काकूले पायजे का पह्यलं, ते काकूनं सांगावं.”

सगळे त्यांच्याकडे वळले. सुलोचनाताईंनी पदर सारखा केला. आणि मला माहीत होतं तेच झालं.

“नाई बा. तुमचंच होऊ द्या आधी.”

माझा तोल गेला. पाहुणी असून गेला. “अहो, काय चाललंय हे!” मी ओरडले. “दोन दिवस बागेला पाणी नाही, फळं गळताहेत, तुम्ही ती ओच्यात लपवताय, मी बघितलंय. आणि इथे म्हणे तुमचंच होऊ द्या! माझ्या पेट्या निदान वाट पाहतेय म्हणून दिवा तरी लावतात. तुमचा दिवा कुठंय?”

 प्रवीण खाली बघायला लागला. मी बोलले ते मला स्वतःलाच टोचलं, पण शब्द काही परत गिळता येत नाहीत. कडुनिंबाची पिवळी पानं आमच्यामध्ये पडत होती, हळूहळू, गिरक्या घेत, जणू कोणाला कसलीच घाई नाही.

 मग सुलोचनाताई मातीकडे बघत काहीतरी म्हणाल्या. कोणालाच ऐकू गेलं नाही.

“काय म्हनता काकू?” रमेशभाऊने विचारलं, त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

त्यांनी मान वर केली. “मले पह्यलं पायजे.” आवाज फाटला, पण चढला. “मले पायजे. माही बाग सुकून राह्यली. मागच्या साली गेली, यंदाबी चालली. मले आधी पायजे पानी.”

गणपतराव त्यांच्याकडे बघतच राहिले. खरंच चकित झाले होते ते, ढोंग नव्हतं. “मंग काकू, मागच्या साली काऊन नाई सांगतलं?”

“मागच्या साली कोनं इचारलं होतं?”

गणपतरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. पिशवीतला ऑटो मात्र बाहेर निघाला नाही. “टाका मॅडम,” ते मला म्हणाले. “काकूचं पह्यलं. माहं शेवटी.” आणि मग जरा थांबून, “हे पंगतीतलं नाई. खरंखुरं सांगून राह्यलो.”

मी शेवटची विहीर पहिली केली आणि बाकीच्या प्रत्येक पेटीत तिच्या खरोखर आधी लागणाऱ्या मोटरीचं नाव घातलं. लाईन यायला वेळ होता. सुलोचनाताई त्यांच्या विहिरीकडे चालू लागल्या, मी मागोमाग.  मला माफी मागायची होती. पाटाकडेच्या गवतावर दव होतं, पाय भिजले. बाग जवळ आली तसा तो वास आला आणि पुन्हा मला आपण कुठे आहोत ते नीटसं कळेनासं झालं.

लाईन आली. पेटीचा पिवळा दिवा हिरवा झाला. मोटर घुरघुरली नाही, थरथरली नाही, एकदम उचलली. पाइप एकदा खोकला, आणि त्याच्या तोंडातून पाण्याची धार अशी सुटली की आम्ही दोघी मागे सरकलो. पांढरी, जाड, पाटाच्या पलीकडे जाऊन पडणारी. लांबून दुसरी मोटर लागल्याचं ऐकू आलं. मग तिसरी. धार थोडी बसली, पण तुटली नाही. पाटातलं पाणी वळलं आणि पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं.

सुलोचनाताई खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हात त्या धारेखाली धरले. पाणी हातांना मागे ढकलत होतं, त्या पुन्हा पुढे धरत होत्या. डोळे भरून आले होते, आणि त्या हसतही होत्या.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “एवढं पानी होतं माह्या हिरीत?”